पायांचा लेहरा

ड्रम सोलो म्हटला की धडाका आणि टाळ्या, अशीच बहुतेकांची अपेक्षा असते. जॅझ ड्रमर मॅक्स रोचचा ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’ मात्र गाण्यासारखा ऐकावा लागतो. १९६६ साली निघालेल्या ‘ड्रम्स अनलिमिटेड’ या तबकडीतल्या सहापैकी तीन रचनांत रोच एकटाच वाजवतो. त्या तिन्हींतली ही सर्वांत देखणी.

सुरुवात पायांपासून होते. पहिल्या मात्रेवर बास ड्रमचा घुमारा, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेवर हाय-हॅटच्या झांजांची बारीक चिक्-चिक्. तीन मात्रांचा हा वॉल्ट्झचा ठेका अखेरपर्यंत ढळत नाही. एकल तबल्याला सारंगीच्या लेहऱ्याची, म्हणजे सतत फिरून येणाऱ्या सुरावटीची, साथ असते. इथे वादकाचेच पाय लेहरा धरतात आणि हात विस्ताराला मोकळे होतात.

हातांचं पहिलं वाक्य अगदी छोटं आहे. ते संपतं, हात थांबतात आणि मोकळ्या जागेत पायांचा ठेका वर येतो. मग त्याच वाक्याला किंचित वळण देऊन दुसरं येतं. रोच आपले ड्रम चढे लावत असे. त्यामुळे स्नेअर आणि टॉम यांचे उंच-खालचे नाद स्वच्छ वेगळे ऐकू येतात आणि वाक्याला चाल मिळते. पुढे वाक्यं लांबत जातात, दाट होतात, तरी प्रत्येक आघात सुटा आणि दाणेदार राहतो. विस्तार करून रोच मूळ वाक्यावर परततो, तेव्हा मुखडा पकडल्याचं समाधान मिळतं.

या पायांमागे मोठा इतिहास आहे. रोच १९२४ साली नॉर्थ कॅरोलायनात जन्मला, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये वाढला. १९४५ मध्ये सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या ‘को-को’ या भन्नाट वेगाच्या ध्वनिमुद्रणात ड्रम त्याचे होते. त्याआधीच ड्रमर केनी क्लार्कने लय धरण्याचं काम बास ड्रमकडून काढून झांजेकडे दिलं होतं. पाय अचानक मोकळा झाला, हवा तिथे ठोसा देऊ लागला. बीबॉप या नव्या जॅझशैलीची ही भाषा रोचने पूर्णत्वाला नेली. १९५७ मध्ये ‘जॅझ इन थ्री-फोर टाइम’मध्ये त्याने वॉल्ट्झचा ठेका जॅझमध्ये मुरवला. १९६० च्या ‘वुई इन्सिस्ट!’मध्ये गायिका अ‍ॅबी लिंकनच्या आवाजासोबत कृष्णवर्णीयांच्या स्वातंत्र्याची मागणी त्याने ड्रमवरून मांडली.

इतकं सगळं करून झाल्यावर, ज्या पायाला बीबॉपने लयीच्या चाकरीतून सोडवलं होतं, त्यालाच रोचने इथे स्वखुशीने पुन्हा लय धरायला बसवलं. त्यामुळेच हात बोलू शकले. लय सांभाळणारा ड्रमर आणि लयीशी संवाद करणारा ड्रमर, हे जॅझमधले दोन वेगळे काळ. या रचनेत ते एकाच माणसाच्या अंगात सुखाने नांदतात.