बुडते ती पाणबुडी नव्हे

शालेय विज्ञान प्रदर्शनांत काही प्रतिकृती दरवर्षी न चुकता भेटतात. ज्वालामुखी, पवनचक्की, ठिबक सिंचन, पावसाचे पाणी साठवणारे घर ही त्यांतली जुनी मंडळी. त्यांच्या रांगेत आता रिमोटवर चालणारी पाणबुडी येऊन बसली आहे. नांदेड आणि लातूर हे जिल्हे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. इथल्या बहुतेक मुलांनी पाणबुडी चित्रातच पाहिलेली असते. म्हणूनच की काय, काचेच्या टाकीभोवती हमखास गर्दी जमते. बटण दाबले की पाणबुडी खाली जाते, दुसरे दाबले की वर येते, टाळ्या पडतात आणि परीक्षक पुढच्या टेबलाकडे वळतात.

परीक्षकांच्या या पुढे वळण्याला आमचा आक्षेप आहे. रिमोटची पाणबुडी हा शाळेत करण्याजोग्या उत्तम प्रकल्पांपैकी एक आहे, असे आम्हांला वाटते. परंतु ती आज ज्या रीतीने मांडली आणि तपासली जाते, त्यात तिचे सारे विज्ञान रिमोटच्या मागे झाकून जाते. 'रेंज किती?', 'सेल किती वेळ टिकतो?', 'खर्च किती आला?' एवढे विचारून पाहणी संपते. या प्रश्नांची उत्तरे दुकानातून आणलेले खेळणे दाखवणारा मुलगाही देऊ शकतो. मग ज्या मुलीने पाइप कापून, गळती काढून, दहा वेळा बुडवून पाणबुडी उभी केली, तिचे वेगळेपण कशात दिसणार? तपासणी ढिली असली की नुकसान खऱ्या कष्टकऱ्याचे होते. म्हणून परीक्षकांनी आणि त्याआधी शिक्षकांनी विचारायला हवेत असे तीन प्रश्न आम्ही येथे मांडत आहोत.

पहिला प्रश्न : वजन किती, आकारमान किती?

घरगुती पाणबुडीचे अंग बहुधा चार इंची पीव्हीसी पाइपचे असते. बाहेरून ११ सेंटिमीटर व्यासाचा आणि ४० सेंटिमीटर लांबीचा पाइप घेऊन दोन्ही टोके टोपणांनी बंद केली, तर त्याचे आकारमान सुमारे ३,८०० घन सेंटिमीटर होते. पूर्ण बुडाल्यावर ही नळी ३,८०० ग्रॅम पाणी बाजूला सारील. म्हणजे तिचे एकूण वजनही ३,८०० ग्रॅम असल्याशिवाय ती बुडणार नाही. समजा पाइप, मोटार, सेल, रिसीव्हर मिळून दीड किलो भरले, तर उरलेले सव्वादोन-अडीच किलो वाळू, छर्रे किंवा लोखंडाच्या तुकड्यांच्या रूपाने आत घालावेच लागतात. पाणबुडी हलकी हवी असे समजून कामाला लागलेल्या मुलांना हा हिशेब चकित करतो. बालभारतीच्या २०१८ साली आलेल्या आठवीच्या पुस्तकात 'बल व दाब' या पाठात आर्किमिडीजचे तत्त्व आहे. ते पाठ असलेली मुलेही हा आकडा आधी काढत नाहीत. हे वजन तळाशीच का बसवायचे, हेही विचारावे. गुरुत्वमध्य बाजूला सारलेल्या पाण्याच्या मध्याखाली राहिला तरच पाणबुडी सरळ राहते. नाहीतर ती पाण्यात कूस बदलते.

पुढचा हिशेब आणखी बोलका आहे. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली कलवरी वर्गाची पहिली पाणबुडी, आयएनएस कलवरी, १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झाली. हिचे विस्थापन, म्हणजे तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, पृष्ठभागावर सुमारे १,६१५ टन आणि बुडाल्यावर सुमारे १,७७५ टन असते. फरक १६० टनांचा, म्हणजे जवळजवळ ९ टक्के. बुडी मारताना एवढे पाणी टाक्यांत घ्यावे लागते. आपल्या पाइपच्या पाणबुडीला हेच प्रमाण लावले, तर तिने सुमारे ३४० मिलिलिटर पाणी आत घ्यायला हवे. मुले बहुधा ५० मिलिलिटरची एक सिरिंज बसवतात. तिने वजनात फक्त १.३ टक्के फरक पडतो. खरी पाणबुडी गाठायची तर अशा सात सिरिंजा लागतील! एकाच सिरिंजेवर भागवायचे, तर पाणबुडीचे वजन आधीच इतके नेमके जुळवावे लागते, की वर असतानाही तिची पाठ जेमतेम पाण्याबाहेर दिसेल. तिथे वीस-तीस ग्रॅमची चूकही महागात पडते. किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर होणारे हे काम रिमोटच्या जोडणीपेक्षा अवघड आहे आणि त्याला गुण मात्र कोणी देत नाही.

दुसरा प्रश्न : मध्येच थांबते का?

तळाला जाऊन टेकते तिला बुडणे म्हणतात, दगडही बुडतो. पाणबुडीची कसोटी अशी, की पृष्ठभाग आणि तळ यांच्या मधोमध, पंखा बंद असताना, ती स्थिर राहिली पाहिजे. प्रदर्शनांतल्या अनेक पाणबुड्या पंख्याच्या जोरावर आणि आडव्या पंखांच्या कलण्यावर खाली जातात. मोटार थांबली की हळूहळू वर येतात. ही पद्धत खोटी नाही. मोटार बंद पडली तरी पाणबुडी हरवत नाही, हा तर तिचा गुणच आहे. पण अशा प्रतिकृतीशेजारच्या तक्त्यावर 'टाकीत पाणी घेऊन बुडते' असे लिहिलेले असेल, तर तक्ता एक सांगतो आणि टाकीतली वस्तू दुसरेच करते. परीक्षकाने हा विरोध पकडायला हवा.

टाकीची रीत वापरली, तरी मध्येच थांबणे सोपे नाही. काही मुले तळाला भोक असलेल्या मऊ प्लॅस्टिकच्या बाटलीत हवा अडकवतात. १ मीटर खोलीवर पाण्यामुळे दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक दशांशाने वाढतो आणि अडकलेली हवा जवळजवळ ९ टक्क्यांनी आकसते. हवा आकसली की प्लावक बल घटते, पाणबुडी आणखी खाली जाते, दाब वाढतो, हवा आणखी आकसते. एकदा घसरण सुरू झाली की ती आपोआप थांबत नाही. वर येतानाही तसेच उलट घडते. प्रदर्शनाची काचेची टाकी हातभर खोल असते, त्यामुळे हा दोष तेथे लपतो आणि हौदात गेल्यावर उघडा पडतो. कडक पाइप आणि त्यात बंदिस्त सिरिंज अशी रचना केली, तर तो बराचसा टळतो. मात्र तेथे नवा प्रश्न उभा राहतो : सिरिंजेत ५० मिलिलिटर पाणी आले, तर आतल्या हवेचे काय झाले? ती बाहेर जाऊ शकत नाही, तेव्हा दाबली जाते. आत दोन लिटर मोकळी हवा असेल, तर तिचा दाब अडीच टक्क्यांनी वाढेल. नववीचा विद्यार्थी हे गणित सहज करू शकतो; विचारणारा मात्र हवा.

टोपणांचेही असेच आहे. १ मीटर खोलीवर ११ सेंटिमीटर व्यासाच्या प्रत्येक टोपणावर पाणी बाहेरून साडेनऊ किलो वजनाइतका जोर लावते. सोल्युशन किंवा एम-सील लावून दोन तास झालेले नसताना पाणबुडी पाण्यात सोडली तर ती का गळते, हे मुलांना या एका आकड्यावरून कळते.

तिसरा प्रश्न : पाण्यात रेडिओ पोचतो का?

'पाणबुडी रेडिओलहरींनी चालते' असे सांगून मुले थांबतात. खरी गंमत पुढे आहे. आजचे बहुतेक रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही जवळजवळ याच वारंवारतेने पाणी तापवतो, म्हणजेच या लहरी पाणी झपाट्याने शोषून घेते. साध्या पाण्यात दर सव्वा सेंटिमीटरला त्यांची शक्ती निम्मी होते. १० सेंटिमीटरवर ती अडीचशेव्या भागापेक्षाही कमी उरते. हवेत शंभर मीटर चालणारा रिमोट हौदात हातभर खोलीवर मुका होतो तो यामुळे. जुन्या खेळण्यांतला २७ मेगाहर्ट्झचा रिमोट गोड्या पाण्यात बराच खोल चालतो. पण पाण्यात क्षार वाढले, की तोही हरतो. समुद्राच्या पाण्यात त्याची लहर दर पाच सेंटिमीटरला मूळ उंचीच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येते.

मराठवाड्यातल्या शाळेला येथे एक खास संधी आहे. आपल्याकडे बोअरचे पाणी अनेक ठिकाणी क्षारयुक्त असते. एकच पाणबुडी पावसाच्या, नळाच्या आणि बोअरच्या पाण्यात सोडून किती खोलीवर संपर्क तुटतो ते मोजावे, प्रत्येक पाण्याचा टीडीएस मोजावा आणि आलेख काढावा. याचे उत्तर कोणत्याही गाइडात नाही. नांदेड-लातूरच्या मुलांनी केलेले हे मोजमाप कोणत्याही चकचकीत प्रतिकृतीहून अधिक मोलाचे ठरेल.

नौदलालाही हीच अडचण आहे आणि त्याने काढलेला मार्ग आपल्या रेल्वेच्या वाटेवरच पाहायला मिळतो. लहरींची वारंवारता जितकी कमी, तितक्या त्या समुद्रात अधिक खोल जातात. म्हणून पाणबुड्यांना संदेश देण्यासाठी काही किलोहर्ट्झच्या अतिमंद लहरी वापरतात. १८ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेसोळा किलोमीटरहून अधिक भरते, तेव्हा तिच्यासाठी अँटेनाचे प्रचंड मनोरे लागतात. असे केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टबोम्मन येथे १९९० पासून आहे. दुसऱ्या केंद्राची कोनशिला ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलंगणातील विकाराबाद जिल्ह्यात दामगुंडम येथे बसवली गेली. लातूर रोडहून उदगीर, बीदर, जहीराबाद अशी जाणारी रेल्वे विकाराबादलाच पोचते. समुद्रापासून इतक्या दूर पाणबुडीसाठी मनोरे कशाला, हा प्रश्न वर्गात टाकून पाहावा.

रिमोटमुळे विज्ञान झाकले जाण्याची तक्रार तशी जुनीच आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये रेडिओने चालणारी छोटी नाव लोकांसमोर चालवून दाखवली, तेव्हा पाहणाऱ्यांतल्या काहींना ती जादू वाटली. सव्वाशे वर्षांनी आपल्या प्रदर्शनातला प्रेक्षकही तसाच थक्क होऊन निघून जात असेल, तर आपण त्याला काय शिकवले?

याउलट दोन सिरिंजा आणि सलाइनची नळी जोडून केलेली साधी पाणबुडी आम्हांला अधिक प्रामाणिक वाटते. तिच्यात पाणी कोठून येते, हवा कोठे जाते, हे डोळ्यांना दिसते. ती वर-खाली होताना मूल स्वतःच्या अंगठ्याने पाण्याचा दाब अनुभवते. रिमोटची पाणबुडी ही तिची पुढची पायरी असावी. नळी काढून टाकली की हवा, सेल, मोटार हे सगळे आतच सांभाळावे लागते. तेथून खरी परीक्षा सुरू होते. पहिली पायरी न चढता दुसरीवर उडी मारलेली प्रतिकृती लगेच ओळखू येते.

येथे एका मोठ्या गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे राज्य मंडळाच्या लातूर विभागात येतात आणि 'लातूर पॅटर्न'चे नाव राज्यभर आहे. शिस्त, सराव आणि वेळेचे नियोजन यांचा तो आदर्श आहे, हे आम्ही मानतो. परंतु घनतेचे उदाहरण मिनिटभरात सोडवणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पाइप दिला, तर त्यात किती वाळू भरायची हे त्याला सांगता येते का? उत्तर नकारार्थी येणार असेल, तर त्याने सोडवले ते कागदावरचे उदाहरण. पाण्याशी त्याची ओळख झालेलीच नाही. केंद्र शासनाच्या अटल टिंकरिंग लॅबमधून निवडक शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळण्याची सोय झाली. त्यातून यंत्रे येतात; प्रश्न विचारण्याची सवय मात्र शिक्षकालाच लावावी लागते.

पाण्याचे भान सोडून चालणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. या प्रयोगांना दोनशे लिटरचा एक ड्रम पुरतो आणि नंतर तेच पाणी झाडांना घालता येते. नदी, धरण किंवा विहीर यांत पाणबुडी सोडण्याचा मोह शिक्षकांनी ठामपणे मोडावा. अडकलेली प्रतिकृती काढायला मूल पाण्यात उतरते आणि जीव धोक्यात येतो. लिथियमच्या सेलऐवजी साधे पुनर्भारित सेल वापरावेत, म्हणजे पाणी आत शिरले तरी मोठा अपघात टळतो.

आमची सूचना छोटी आहे. पाणबुडीशेजारी रंगीत तक्त्याबरोबर एक कोरा कागदही असावा. त्यावर पाणबुडीचे वजन, आकारमान, सिरिंजेची क्षमता, संपर्क तुटल्याची खोली आणि फसलेल्या प्रयत्नांची यादी मुलांच्या हस्ताक्षरात असावी. आणि परीक्षकांनी खिशात चार-पाच नाणी ठेवावीत. ती पाणबुडीच्या पाठीवर चिकटवावीत आणि म्हणावे, 'आता हिला पुन्हा पाण्याच्या मधोमध उभी कर.' जिने ती स्वतः केली आहे, ती मुलगी झाकण उघडेल, तेवढेच छर्रे काढील आणि झाकण पुन्हा लावील. तिला पाच मिनिटे लागतील. तेवढा वेळ परीक्षकांनी तिच्या टेबलापाशी थांबावे.