शाळेचे दार आणि भाषेची सक्ती

परदेशाहून आलेला माणूस आपल्यात मिसळणार की नाही, याचा निकाल पुष्कळदा राजधानीत लागत नाही. तो प्रांताच्या शाळाखात्यात लागतो. कॅनडातील क्वेबेक प्रांत याचे चांगले उदाहरण आहे. १९७७ च्या फ्रेंच भाषेच्या सनदेने, म्हणजे कायदा क्रमांक १०१ ने, तेथे नव्याने येणाऱ्यांच्या मुलांना सरकारी फ्रेंच शाळा सक्तीची केली. इंग्रजी भाषकांनी यास जुलूम म्हटले, फ्रेंच भाषकांनी मुक्ती. आम्हांस दोन्ही वर्णने अपुरी वाटतात.

तत्पूर्वी बहुतेक स्थलांतरितांची मुले इंग्रजी शाळांत जात, आणि त्याचा दोष त्यांच्या पोटार्थी वृत्तीवर लादला जाई. इटालियन कुटुंबांच्या बाबतीत त्यात तथ्यही होते. १९६९ साली माँट्रियलच्या सें-लेओनार भागात याच प्रश्नावरून दंगल झाली. परंतु दुसरे कारण सोयीस्करपणे विसरले जाई. तेथील शाळामंडळे धर्मावार होती, कॅथलिक व प्रॉटेस्टंट. ती भाषावार झाली १९९८ साली. ज्यू वा ग्रीक ऑर्थोडॉक्स मूल कॅथलिक नसे, म्हणून ते प्रॉटेस्टंट, म्हणजे बहुतांशी इंग्रजी, शाळेत जाई. आपण दार लावून घ्यावे आणि पाहुणा शेजाऱ्याकडे जेवला म्हणून रुसावे, असा हा प्रकार! कायदा १०१ चे मोल आमच्या मते येथे आहे. त्याची सक्ती आगंतुकावर होती, तशीच यजमानावरही होती. (बेळगावच्या मराठी माणसाची गोष्ट अर्थातच निराळी. तो कोठून आलेला नाही. १९५६ ची सीमा त्याच्या अंगणात आली.)

साहित्यात याची साक्ष मिळते. इंग्रजीच्या वर्चस्वावर चिडून मिशेल लालाँद यांनी १९६८ साली ‘स्पीक व्हाइट’ ही कविता लिहिली. इटलीहून आलेल्या मार्को मिकोने यांनी १९८९ साली ‘स्पीक व्हॉट’ लिहून तोच जाब फ्रेंच भाषकांना विचारला, आणि तोही फ्रेंचमध्येच. पुढे सायगावात जन्मलेल्या, दहाव्या वर्षी देश सोडावा लागलेल्या किम थुई यांची २००९ ची फ्रेंच कादंबरी ‘र्‍यु’ आली. या शब्दाचा फ्रेंचमध्ये अर्थ ओहोळ, व्हिएतनामीत अंगाई. दोन भाषा एका शब्दात अशा नांदाव्यात, हे कोणत्याही कलमाने घडवून आणता येत नाही. शाळेने मात्र त्यास वाट दिली.

म्हणूनच २०२२ चा कायदा क्रमांक ९६ आम्हांस पटत नाही. आगमनानंतर सहा महिन्यांनी सरकार नवागताशी, आरोग्यासारखे काही अपवाद वगळता, केवळ फ्रेंचमध्येच व्यवहार करील, असे तो सांगतो. मूल दिवसभर वर्गात बसते. त्याचा बाप दिवसभर कारखान्यात राबतो. त्याने सहा महिन्यांत सरकारी पत्र वाचण्याइतकी भाषा कोठून आणावी? प्रौढांच्या शिक्षणासाठी याच कायद्याने स्वतंत्र यंत्रणा उभारली, हे मान्य केले पाहिजे. पण २०२४ साली निधीअभावी ठिकठिकाणचे प्रौढांचे फ्रेंच वर्ग बंद पडले; सहा महिन्यांची मुदत मात्र तशीच राहिली.