विचार बदलायचा की वसतिगृह?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. केवळ घटनेमुळे आपण खचत नाही; तिच्याविषयीच्या ताठर आग्रहामुळे खचतो, हे तिचे सूत्र. सहावीतच घर सोडून नवोदय विद्यालयात आलेल्या मुलाला ते उपयोगी पडते. ‘पहिला नंबर यायलाच हवा’ याऐवजी ‘यावा अशी इच्छा आहे, नाही आला तरी मी टाकाऊ ठरत नाही’, असे तो म्हणू शकतो.

पण एखाद्या वसतिगृहात मोठी मुले मारत असतील, तर? तिथे फक्त मुलाचा विचार सुधारणे म्हणजे तापमापी बदलून ताप उतरवणे. व्यावहारिक अडचण आणि भावनिक अडचण एलिस यांनीही वेगळ्या मानल्या होत्या. म्हणून आम्हाला वाटते, शिक्षकांनी हा फरक आधी तपासावा. मगच मुलाला विवेक शिकवावा.