संगणकीय अंतर्गृहातील प्रकाश आणि पोत : वास्तवाभासाच्या अध्यापनाची चिकित्सा

बीजशब्द : अंतर्गृह, परावर्तन, पोत, वास्तवाभास, निरीक्षण, मूल्यमापन

प्रस्तावना

दृश्यकला, वास्तुकला, अंतर्गत सजावट व ॲनिमेशन या अभ्यासक्रमांत एक समान स्वाध्याय आढळतो. संगणकावर एक खोली उभारावयाची, तीत प्रकाश योजावयाचा, पृष्ठभागांना पोत द्यावयाचा आणि अंतिम चित्र छायाचित्राइतके खरे वाटेल असे करावयाचे. या स्वाध्यायाकडे बहुधा निव्वळ तांत्रिक कौशल्य म्हणून पाहिले जाते. त्यामुळे त्याची समीक्षा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात 'कॉर्नेल पेटी' आणि डच चित्रकार योहानेस व्हर्मीर याच्या खोलीची पुनर्रचना या दोन उदाहरणांच्या आधारे या शिक्षणाचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे. वास्तवाभासाचे मूळ निरीक्षणात असते आणि आपल्या अध्यापनात नेमका तोच भाग दुर्लक्षित राहतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

कॉर्नेल पेटी : तुलनेची शिस्त

१९८४ साली कॉर्नेल विद्यापीठातील गोरल, टॉरन्स, ग्रीनबर्ग व बॅटेल या संशोधकांनी उष्णतावहनाच्या अभियांत्रिकीतील गणित प्रकाशाला लागू केले. त्यांची प्रयोगवस्तू अत्यंत साधी होती : रंगीत बाजू असलेली एक पेटी. रंगीत भिंतीवर पडलेला प्रकाश तिचा रंग घेऊन शेजारच्या पांढऱ्या पृष्ठभागावर उतरतो, ही चित्रकारांना पूर्वापार ठाऊक असलेली गोष्ट तेथे गणिताने सिद्ध झाली. १९८६ साली जेम्स कजिया यांनी मांडलेल्या 'रेंडरिंग समीकरणा'ने या विचाराला व्यापक रूप दिले.

तथापि, समीक्षेच्या दृष्टीने या परंपरेतील अधिक महत्त्वाची बाब वेगळी आहे. कॉर्नेलच्या संशोधकांनी पेटी प्रत्यक्षात बांधली, तिची मोजमापे घेतली आणि खरी पेटी व संगणकीय प्रतिमा शेजारी ठेवून प्रेक्षकांकडून तुलना करविली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात प्रेक्षकांना दोहोंतील फरक खात्रीने ओळखता आला नाही. म्हणजे 'वास्तव' हा दावा करण्यापूर्वी समोर मूळ वस्तू हवी, ही शिस्त या विद्येच्या आरंभीच घालून दिलेली होती. आजच्या वर्गात कॉर्नेल पेटी पुष्कळदा शिकविली जाते. मात्र ती तयार फाईल म्हणून उघडली जाते. तुलनेचा भाग गळून पडतो.

व्हर्मीरची खोली : पांढरी भिंत किती पांढरी?

व्हर्मीरच्या १६६० च्या दशकातील 'संगीताचा धडा' या चित्रात डावीकडील खिडक्यांतून प्रकाश येतो व मागील भिंतीवर उजवीकडे जाताना तो क्रमाने मंदावतो. भिंत एकच, चुना एकच. परंतु तिच्यावर रंगाच्या कितीतरी छटा आहेत. वॉलेस, कोहेन व ग्रीनबर्ग यांनी १९८७ साली मंद परावर्तन आणि आरशासारखे परावर्तन यांचा मेळ घालणारी पद्धत मांडली, तेव्हा तिच्या प्रात्यक्षिकासाठी याच चित्रावरून प्रेरणा घेतली. पुढे 'टिम्स व्हर्मीर' (२०१३) या माहितीपटात टिम जेनिसन यांनी ही खोली आधी संगणकावर मांडून नंतर प्रत्यक्ष उभारल्याचे दिसते. व्हर्मीरने भिंगाचे वा आरशाचे साहाय्य घेतले होते काय, हा वाद येथे गौण आहे. खोली समजून घेण्यासाठी तिच्यात जाऊन उभे राहावे लागले, हे लक्षणीय होय.

या उदाहरणातून विद्यार्थ्यांच्या एका नेहमीच्या दोषाचा उलगडा होतो. पांढरी भिंत दाखविण्यासाठी परावर्तनाचे मूल्य शंभर टक्के ठेवले जाते. प्रत्यक्षात ताज्या पांढऱ्या रंगाची भिंतही सुमारे ८० टक्केच प्रकाश परतविते. उरलेला प्रकाश प्रत्येक आघाताला शोषला जातो, म्हणूनच कोपरे गडद होतात व खोलीला खोली प्राप्त होते. शंभर टक्के मूल्य दिल्यास प्रकाश शोषलाच जात नाही. छायाभेद पुसट होऊन सारे चित्र फिके पडते. मग विद्यार्थी दिव्यांची तीव्रता बदलत राहतो. दोष मात्र भिंतीत असतो.

पोत : रंगाचा की स्पर्शाचा?

मराठी कलासमीक्षेत 'पोत' या शब्दात स्पर्शाची जाणीव अनुस्यूत आहे. संगणकीय अध्यापनात मात्र पोत म्हणजे पृष्ठभागावर चिकटविलेले छायाचित्र, असा संकुचित अर्थ रूढ झाला आहे. २०१२ साली डिस्ने स्टुडिओतील ब्रेंट बर्ली यांनी मांडलेल्या पद्धतीनंतर मूळ रंग, धातुत्व व खडबडीतपणा हे घटक वेगळे हाताळण्याची रीत सार्वत्रिक झाली. यांतील खडबडीतपणा हाच स्पर्शाला सर्वांत जवळचा घटक होय. शहाबादी फरशीवर पाणी सांडले की ती गडद दिसते व चमकू लागते. दगड तोच असतो, बदलते ती प्रकाशाची वागणूक. तसेच, कोणत्याही गुळगुळीत पृष्ठभागाकडे तिरप्या नजरेने पाहिल्यास प्रतिबिंब तीव्र होते. लाकूड वा काच समोरून जेमतेम ४ टक्के प्रकाश आरशाप्रमाणे परतविते, परंतु अगदी तिरप्या कोनात जवळजवळ सर्व. या गोष्टी घरच्या ओसरीवरही पडताळून पाहता येतात.

तयार पोतसंग्रहांनी काम सुकर केले, हे मान्य करावे लागेल. परंतु सारवलेल्या जमिनीचे माजघर उभारणाऱ्या विद्यार्थ्याने युरोपीय ओक लाकडाची फरसबंदी वापरली, तर तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असूनही ते चित्र असत्य ठरते.

मूल्यमापनाचा प्रश्न

एक आक्षेप असा संभवतो की, व्यवसायाला देखणे चित्र हवे असते, भौतिकशास्त्र नव्हे. ॲलेक्स रोमन यांचा 'द थर्ड अँड द सेव्हन्थ' (२००९) हा संगणकनिर्मित लघुपट कॅमेऱ्याची भाषा वापरूनच प्रभावी ठरला, हेही खरे. तथापि, लुई कान यांच्या एक्सेटर ग्रंथालयासारख्या खऱ्या वास्तू हा त्याचा आधार आहे. कॅमेऱ्याचे अलंकार निरीक्षणावर चढविले तर शोभतात. निरीक्षणाच्या अभावी ते केवळ उणिवा झाकतात.

सध्या बहुधा अंतिम चित्रालाच गुण दिले जातात. परिणामी तयार दृश्य थोडे फिरवून सादर करणारा आणि स्वतः खोली मोजणारा, हे दोघे एकाच पातळीवर येतात. यास्तव विद्यार्थ्याने एक परिचित खोली निवडावी, तिची मापे घ्यावीत, सकाळ, दुपार व सायंकाळच्या प्रकाशाची नोंद करावी आणि छायाचित्रासह संगणकीय प्रतिमा सादर करावी. गुणांचा ठरावीक भाग या नोंदवहीसाठी राखून ठेवावा.

निष्कर्ष

आज्ञावल्या बदलत राहतील. आज शिकविलेली कळ उद्या राहीलच असे नाही. भिंतीवर मंदावत जाणारा प्रकाश ओळखण्याची दृष्टी मात्र टिकते. कॉर्नेलच्या संशोधकांनी खरी पेटी बांधून हेच दाखविले. अंतर्गृहाच्या वास्तवाभासाचे अध्यापन संगणककक्षात पूर्ण होत असले, तरी त्याचा प्रारंभ प्रत्यक्ष खोलीत व्हावयास हवा आणि अभ्यासक्रमाच्या गुणविभागणीत त्याची नोंद असावयास हवी.