'बिनधास्त' : रहस्यपटाच्या चौकटीतील स्त्री आणि संशय

बीजशब्द : रहस्यपट, स्त्रीप्रतिमा, संशय, मैत्री, रूपांतर.

प्रस्तावना :
मराठी चित्रपटात रहस्यपटाची परंपरा क्षीण असली तरी खंडित नाही. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) आणि वसंत जोगळेकर यांचा 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) हे तिचे ठळक टप्पे होत. या दोन्ही चित्रपटांत स्त्री हा गूढाचा विषय आहे. गूढ उकलणारी ती नाही. चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'बिनधास्त' (१९९९) या आपल्या पहिल्याच चित्रपटात हा संकेत मोडला. त्यांनी पडद्यावर केवळ स्त्री-पात्रे ठेवून खुनाचे रहस्य मांडले. हा प्रयोग चमत्कृतीपुरता राहतो की आशयाला नवे परिमाण देतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आशय व रचना :
कुलकर्णी हे मूलतः रंगभूमीवरील दिग्दर्शक. प्रशांत दळवी लिखित 'चारचौघी' (१९९१) या नाटकात आई आणि तिच्या तीन मुली यांच्या निर्णयस्वातंत्र्याचा प्रश्न त्यांनी यापूर्वीच हाताळला होता. 'बिनधास्त'मध्ये हाच प्रश्न लोकप्रिय चित्रप्रकाराच्या वेषात येतो. शर्वरी जमेनीस आणि गौतमी गाडगीळ यांनी साकारलेल्या दोन महाविद्यालयीन मैत्रिणी खुनाच्या संशयात सापडतात आणि पोलिसांना चुकवीत स्वतःच्या निर्दोषत्वाचा शोध घेतात, असे कथासूत्र आहे.

येथे शीर्षकाचा अर्थ महत्त्वाचा ठरतो. 'बिनधास्त' हा शब्द मुलाच्या बाबतीत बहुधा कौतुकाचा, तर मुलीच्या बाबतीत कौतुकाइतकाच ठपक्याचा असतो. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत खेड्यांतून एस.टी.ने येणाऱ्या विद्यार्थिनीला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. घरी परतायला उशीर झाला, कोणाशी मोकळेपणाने बोलताना ती दिसली, की तिच्याविषयी शंका सुरू होते. रहस्यपटाच्या नियमानुसार गुन्हा आधी घडतो आणि संशय नंतर येतो. मोकळ्या वृत्तीच्या मुलींच्या बाबतीत मात्र संशय आधीपासूनच तयार असतो. खून हे केवळ निमित्त ठरते. 'बिनधास्त'चे खरे सामर्थ्य या उलट्या क्रमात आहे. पाठलागाचे प्रसंग प्रेक्षकाला खिळवून ठेवतात, याचे कारण केवळ तांत्रिक नाही. मुलींवर रोज रोखलेली नजरच येथे पोलिसी तपासाचे रूप घेते.

तमिळ रूपांतर :
प्रियदर्शन यांनी या चित्रपटाचे 'स्नेगिदिये' (२०००) हे तमिळ रूपांतर केले. ज्योतिका, शर्बानी मुखर्जी आणि तब्बू यांच्या त्यात प्रमुख भूमिका असून केवळ स्त्री-पात्रांचा नियम तेथेही पाळला आहे. 'स्नेगिदिये' हे मैत्रिणीला घातलेली साद आहे. मराठी शीर्षक समाजाने मारलेला शिक्का उच्चारते, तर तमिळ शीर्षक दोघींमधील नाते. त्यामुळे रूपांतराच्या शीर्षकात स्नेहभाव वाढला असला, तरी मूळ शीर्षकाची सामाजिक धार बोथट झाली आहे.

पुढे कार्तिक नरेन यांचा 'ध्रुवंगळ पदिनारु' (२०१६) हाही पदार्पणातील तमिळ रहस्यपट गाजला. त्यात निवृत्त पोलीस अधिकारी जुन्या प्रकरणाची हकिकत सांगतो. कथनाची गुंफण अत्यंत कसदार आहे. परंतु कथनाचा ताबा पुरुषाकडे असून स्त्री पुन्हा प्रामुख्याने तपासाचा विषय बनते. या तुलनेत 'बिनधास्त'चे वेगळेपण अधिक स्पष्ट होते.

मर्यादा :
पुरुष पडद्याबाहेर ठेवल्याने पुरुषसत्ताही पडद्याबाहेर जाते, ही या प्रयोगाची गंभीर मर्यादा होय. घर, महाविद्यालय, पोलीसयंत्रणा या सर्व ठिकाणी स्त्रियाच दिसत असल्याने, स्त्रीवरील पहारा हा जणू स्त्रियांचाच आपसांतील व्यवहार आहे, असा समज होऊ शकतो. खानदेशाशी कौटुंबिक नाते असलेल्या स्मिता पाटील यांच्या 'उंबरठा'मध्ये (१९८२) सुलभाच्या वाटेतील कुटुंब आणि आश्रमाचे व्यवस्थापन यांची सत्ता प्रत्यक्ष समोर उभी राहते. 'बिनधास्त'मध्ये ही समोरासमोरची लढत नाही.

दुसरी मर्यादा चित्रप्रकाराची आहे. खरा गुन्हेगार सापडला की मैत्रिणी निर्दोष ठरतात आणि प्रेक्षक निश्चिंत होतो. त्यांना निर्दोषत्व सिद्ध का करावे लागले, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो.

निष्कर्ष :
'बिनधास्त'ने स्त्रीला रहस्याच्या विषयपदावरून काढून कर्तेपदी बसविले, हे त्याचे ऐतिहासिक श्रेय होय. त्याने खुनाचे कोडे सोडविले. संशयाचे कोडे सुटले नाही. तरीही ते कोडे मनोरंजनाच्या चौकटीत मांडून दाखविणे, हे पदार्पणातील दिग्दर्शकाचे लहान यश म्हणता येणार नाही. रहस्यपट हा केवळ करमणुकीचा प्रकार मानून अभ्यासाबाहेर ठेवण्याच्या प्रवृत्तीचा फेरविचार करण्यास हा चित्रपट पुरेसे कारण देतो.