नारपोलीची माती नेमकी कुठल्या कागदात आहे?

प्रबंधात 'अभ्यासक्षेत्र' नावाचं एक प्रकरण असतं. बरेच जण ते शेवटी, घाईघाईत लिहितात, आणि त्यातला मातीचा परिच्छेद तर आधीच्या कुणाच्या तरी प्रबंधातून आलेला असतो. ठाणे जिल्हा असेल तर मजकूर ठरलेला: बेसाल्ट खडकापासून तयार झालेली काळी व तांबूस मृदा, भातपिकास योग्य. यात चूक काही नाही. पण भिवंडीच्या नारपोलीत चाळीमागे चार भेंडीची रोपं लावायची असोत की कंपाउंडची भिंत बांधायची असो, या वाक्याचा उपयोग शून्य.

हे वाक्य ज्या कागदांच्या भरवशावर लिहिलं जातं, ते एकेक करून तपासू.

पहिला मृदा नकाशा. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि उपयोग नियोजन ब्यूरोने महाराष्ट्राचा जो नकाशा छापला त्याचं प्रमाण 1:5,00,000 आहे. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर पाच किलोमीटर. भिवंडी-निजामपूर महापालिकेचं सगळं क्षेत्र साधारण 26 चौरस किलोमीटर. नकाशावर ते जेमतेम एक चौरस सेंटिमीटर भरतं. त्यात नारपोली शोधायची म्हणजे तांदळावरचं नाव वाचण्यासारखं. हा दोष नकाशा करणाऱ्यांचा नाही, त्यांनी तो राज्य-जिल्हा पातळीच्या नियोजनासाठी केला. जीआयएसमध्ये तो वीस पट मोठा करून 'वॉर्डनिहाय मृदा' असा तक्ता काढणाऱ्यांचा मात्र नक्कीच आहे. झूम केल्याने तपशील वाढत नाही हो, फक्त रेघा जाड होतात.

दुसरा कागद मृदा आरोग्य पत्रिका. ही योजना 19 फेब्रुवारी 2015 ला सुरतगडला सुरू झाली. पत्रिकेत बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना, कोरडवाहूत दहा हेक्टरला एक. शेतकऱ्याला खताचा डोस सांगायला ही पद्धत बरी आहे. पण तिच्यात पोत नाही, निचरा नाही, खोली नाही. शिसं, कॅडमियम, क्रोमियमही नाही. जिथे सायझिंग आणि डाइंगचे कारखाने वस्तीला खेटून आहेत, तिथल्या परसबागेत पालक लावायचा की नाही, हे ठरवायला पत्रिकेतला जस्ताचा आकडा काय कामाचा?

क्षारतेचा आकडा वापरताना तर फारच गफलत होते. 'चार डेसीसिमेन्सच्या वर गेली तर जमीन क्षारयुक्त' ही मर्यादा संपृक्त अर्काची आहे. आपल्याकडच्या प्रयोगशाळा बहुधा मातीच्या दोन-अडीच पट पाणी घालून मोजतात, त्यामुळे आकडा बराच कमी येतो. तो चारच्या मर्यादेशी ताडला की खाडीजवळची खार जमीनसुद्धा गोडी निघते. प्रबंध वाचताना 'क्षारता 1.2, सामान्य' असं दिसलं, तर पद्धत कुठे लिहिलीय ते आधी बघा.

तिसरा कागद बांधकामवाल्यांचा, बोअरलॉग. यात खोलीनुसार थर दिलेले असतात, पिवळा मुरूम, झिजलेला खडक, कठीण खडक. आणि सगळ्यात वर एक ओळ: 'फिल्ड-अप सॉईल'. संपलं. इंजिनिअरला त्या थरात रस नसतो, कारण त्याचा पाया तो ओलांडून खाली जाणार असतो. कृषीवाल्याला रस नसतो, कारण ते शेत नाही.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. भिवंडीभोवती राहनाळ, पूर्णा, काल्हेरच्या पट्ट्यात भाताच्या खाचरांवर भराव टाकून गोदामं उभी राहिली. शहरातही अनेक ठिकाणी वरचा थर बाहेरून आलेला मुरूम, राडारोडा, राख असा मिश्र असतो. रोपाची मुळं याच थरात. कंपाउंडची भिंत, चाळीचा कोबा, ओटा, गटार, सगळं याच थरावर. जो थर माणसाच्या रोजच्या कामाचा, तोच तिन्ही कागदांतून निसटतो.

बरं, दोन्ही शाखांचे कागद जोडून बघू म्हटलं तर शब्दच जुळत नाहीत. कृषीच्या पुस्तकात वाळू म्हणजे 0.05 ते 2 मिलिमीटर. भारतीय मानकाप्रमाणे इंजिनिअरची वाळू 0.075 ते 4.75 मिलिमीटर. एकाच ढिगाऱ्यात वाळूची टक्केवारी दोन निघते, आणि दोन्ही बरोबर असतात. चांगल्या-वाईटाची व्याख्याही उलटी. भराव दाबून घट्ट केला की इंजिनिअर खूश; पण चिकणमातीची घनता घनसेंटिमीटरला 1.4-1.5 ग्रॅमच्या पुढे गेली की मुळं अडखळतात. सेंद्रिय कर्ब माळ्याला हवा, तर पायाखालून तो खरवडून काढायचा.

मग करायचं काय? महागडं यंत्र लागत नाही. मुक्त फुगवण निर्देशांकाची चाचणी भारतीय मानकात, आयएस 2720 च्या भाग 40 मध्ये आहे. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली दहा-दहा ग्रॅम कोरडी माती दोन मोजनळ्यांत घ्यायची, एकीत शुद्ध पाणी, दुसरीत रॉकेल, आणि चोवीस तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून तो आधार. पाण्यातलं आकारमान किती टक्क्यांनी जास्त, तो निर्देशांक. पन्नासच्या आत असेल तर फुगवण कमी. शंभरच्या वर गेला तर भिंतीला पावसाळ्यात आणि मे महिन्यात आलटून-पालटून तडे जाण्याची तयारी ठेवा. (हल्ली रॉकेल मिळवणं हाच प्रयोगातला अवघड भाग.) मात्र भरावात एक मेख आहे. निम्म्याहून जास्त मुरूम चाळणीवरच राहिला असेल तर हा आकडा उरलेल्या बारीक मातीचा आहे, जमिनीचा नाही. किती टक्के माती चाळणीतून गेली, हे आकड्याशेजारी लिहिलं नसेल तर तो तक्ता वापरू नका.

आणि नमुना घेताना जुन्या रहिवाशांना विचारा. खाचर, खाजण, वरकस हे शब्द वाचनात 'स्थानिक संज्ञा' म्हणून तळटीपेत ढकलले जातात, पण भरावाखाली मूळ पाणथळ भातजमीन होती की माळाची हलकी उतरंड, हे त्यातून एका शब्दात कळतं. तुमच्या नमुना-नोंदीच्या तक्त्यात आणखी तीन रकाने वाढवा: भराव किती खोल, कशाचा, कोणत्या सालचा.