चामडे, दुधी आणि माती : महाराष्ट्र-गोव्यातील लोकवाद्यांची वाटचाल

मराठीत संगीताविषयी विपुल लेखन झाले असले, तरी त्यात लोकवाद्ये बहुतेक वेळा साथीचे साधन म्हणून येतात किंवा अभिजात वाद्यांची ओबडधोबड पूर्वावस्था म्हणून. तुणतुण्यापासून तंबोऱ्यापर्यंत आणि संबळापासून तबल्यापर्यंत एक चढती शिडी कल्पून लोकवाद्यांना खालच्या पायरीवर बसवण्याची ही रीत सोयीची असली, तरी वाद्यांच्या घडणीकडे पाहिले की ती टिकत नाही. संबळ, चौंडके, हलगी, तारपा किंवा घुमट ही वाद्ये दुसऱ्या कुठल्या वाद्याकडे जाता जाता वाटेत थांबलेली नाहीत. ज्या कामासाठी ती घडली, त्या कामात ती पूर्णत्वाला पोचलेली आहेत. त्यांचा इतिहास लिहायचा तर वाद्य कशाचे बनते, ते कोण घडवतो आणि ते वाजवण्याचा मान किंवा सक्ती कोणाकडे होती, हेच प्रश्न आधी विचारावे लागतात.

ग्रंथांतून मिळणारी माहिती मोलाची असली तरी एका बाजूची आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने वाद्यांचे चार वर्ग केले : तार छेडून किंवा घासून वाजणारी तत, फुंकून वाजणारी सुषिर, चामड्याने मढवलेली अवनद्ध आणि आघाताने स्वतःच निनादणारी घन वाद्ये. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला आणि त्यातील वाद्याध्यायात पटह, हुडुक्का, किन्नरी अशा अनेक वाद्यांचे वर्णन लाकूड, चामडे आणि मापे यांच्या तपशिलासह केले. महाराष्ट्राच्या भूमीवर लिहिला गेलेला हा ग्रंथ वाद्यांच्या अभ्यासकाला आजही टाळता येत नाही. औरंगाबादच्या सातव्या लेण्यातील नर्तकीभोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रियांचे शिल्पही असेच बोलके आहे. परंतु शास्त्रकाराची दृष्टी दरबारावर आणि रंगभूमीवर खिळलेली होती, तर लेणी कोरणाऱ्याची धर्मस्थळाच्या वैभवावर. शिवारात, जत्रेत आणि गावकुसाबाहेर जे वाजत होते, ते या नोंदींत क्वचितच उमटले. ग्रंथात नाव नाही म्हणून वाद्य अर्वाचीन ठरवणे किंवा नाव सारखे आहे म्हणून वाद्यही तेच मानणे, या दोन्ही चुका या विषयावरील लेखनात वारंवार आढळतात.

शास्त्रीय वर्गीकरणाची मर्यादा तर एका साध्या वाद्यापाशीच उघडी पडते. तुणतुणे म्हणजे दंडगोल आकाराचे पोकळ लाकडी भांडे. त्याच्या तळाला चामडे मढवलेले असते, त्या चामड्याच्या मध्यातून निघालेली तार भांड्यातून वर येऊन बाजूला ठोकलेल्या काठीच्या खुंटीला बांधली जाते, आणि लाकडाच्या लहानशा तुकड्याने ती छेडली जाते. चौंडक्यात खुंटीची काठी नसते. यल्लमाचे जोगती किंवा देवीचे आराधी हे वाद्य काखेत धरतात, चामड्यातून ओवलेल्या आतड्याच्या तातीचे टोक एका हाताने ताणतात आणि दुसऱ्या हाताने ती छेडतात. ताण जसा कमीजास्त होतो तसा स्वर वरखाली सरकतो आणि गाणाऱ्याच्या आवाजाबरोबर जणू बोलू लागतो. यातली तार तत वर्गात जाते आणि चामडे अवनद्ध वर्गात, आणि एकाला वगळून दुसरे वाजत नाही. १९१४ मध्ये हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी मांडलेल्या जागतिक वर्गीकरणात अशी वाद्ये चर्मवाद्यांत गेली, तर नंतरच्या काही अभ्यासकांनी ती तंतुवाद्यांत धरली. बी. चैतन्य देव यांचे भारतीय वाद्यांवरील काम आणि अशोक दा. रानडे यांचे १९७५ मधील ‘लोकसंगीतशास्त्र’ यांचे महत्त्व इथे ध्यानात येते. लोकसंगीताला स्वतःचे शास्त्र आहे, ही रानडे यांची भूमिका मराठीत अजूनही पुरेशी मुरलेली नाही.

लोकवाद्याला टिकवून धरले ते प्रामुख्याने विधीने. गोंधळ्याचा संबळ म्हणजे एकमेकांना बांधलेली दोन चर्मवाद्यांची जोडी, एकाचा आवाज चढा आणि दुसऱ्याचा खर्जातला. ती कमरेला बांधून दोन काठ्यांनी, त्यांतही एक टोकाशी वळलेली, अशी वाजवली जाते. लग्नकार्यानंतर घरी गोंधळ घातला जातो तेव्हा तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका आणि इतर देवदेवता यांना आवाहन होते आणि त्या आवाहनाची लय संबळ धरतो. कदमराई आणि रेणुराई या गोंधळ्यांच्या शाखा, त्यांचे यजमान आणि त्यांचे हक्क यांच्याशी वाद्य जोडलेले असल्यामुळे त्याचा बाज पिढ्यानपिढ्या फारसा हलला नाही. रा. चिं. ढेरे यांनी लोकसंस्कृतीच्या उपासकांचा जो अभ्यास केला, त्यातून वाद्य, उपासना आणि उपासकाची जात हे एकाच गाठीत बांधलेले असल्याचे स्पष्ट दिसते.

पण या गाठीची दुसरी बाजू झाकून लोकवाद्यांचे गोडवे गाणे हा अन्याय आहे. हलगी गावाला हवी होती, जत्रेला, कुस्तीच्या फडाला, दवंडीला आणि अंत्ययात्रेलाही. मात्र ती वाजवणाऱ्याला गावाने उंबऱ्याबाहेर ठेवले. मेलेल्या जनावराचे कातडे हाताळणे जसे विशिष्ट जातींवर लादले गेले, तसेच कातड्याचे वाद्य वाजवणेही. आंबेडकरी चळवळीने गावकीची हलकी ठरवलेली कामे नाकारली तेव्हा अनेक ठिकाणी वाद्य खाली ठेवणे हाच स्वाभिमानाचा भाग ठरला, आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाल्यावर त्या नकाराला कायद्याचेही बळ मिळाले. वादक कमी झाले म्हणून हळहळणाऱ्या लेखनाने या नकाराची दखल घ्यायलाच हवी. त्याच चळवळीने १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्यांच्या जलशांतून तमाशाचा साचा प्रबोधनाच्या कामी लावला. पुढे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने डफ-तुणतुणे गिरणगावात आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत नेले. वाद्य तेच राहिले, वाजवणारा मात्र आता हुकमाचा ताबेदार राहिला नाही. मराठी लोकवाद्यांच्या आधुनिक इतिहासातील सर्वांत मोठा बदल हाच आहे, आणि तो वाद्याच्या घडणीत शोधून सापडणार नाही.

घडणीतला मोठा बदल पाहायचा तर गोव्याच्या घुमटाकडे वळावे लागते. कुंभाराने घडवलेल्या या मातीच्या भांड्याला एक मोठे आणि एक लहान अशी दोन तोंडे असतात. मोठ्या तोंडावर घोरपडीचे पातळ, चिवट कातडे ताणून बसवले जाई. वादक उजव्या हाताने त्यावर आघात करतो आणि डाव्या तळव्याने लहान तोंड कमीजास्त उघडे ठेवून आतल्या हवेचा घुमारा बदलतो. गणेशोत्सवातील घुमट-आरती, शिगमो, जागर, सुवारी आणि ख्रिस्ती समाजातील मांडो या सर्वांत घुमट आहे. शामेळ आणि कांसाळे यांच्या संगतीने तो धर्माच्या सीमा ओलांडून वाजत आला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाल्यावर तिचे कातडे वापरणे गुन्हा ठरले, आणि ते योग्यच होते. घुमटावर बोकडाचे कातडे आले. ते जाड असल्यामुळे नादाचा पूर्वीचा पोत बदलला, पण आरतीतील जागा कायम असल्यामुळे वाद्य संपले नाही. कारागिरांनी कातडे तासण्याचे आणि ताणण्याचे नवे मार्ग शोधले आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसावाद्याचा दर्जा दिला. साहित्य बदलूनही वाद्य जगते, मात्र त्याचे काम शाबूत असावे लागते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

याच्या उलट तारप्याचे रूप जसेच्या तसे राहिले आहे आणि काम झिजत चालले आहे. पालघर जिल्ह्यातील वारली आणि त्यांच्या शेजारच्या आदिवासी समाजांचे हे सुषिर वाद्य वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांनी बनते आणि मेणाने सांधले जाते. वादक श्वास न तोडता फुंकत राहतो, सूर बदलला की नाचणाऱ्यांचे पाऊल बदलते, आणि साखळी त्याच्याभोवती वळत जाते. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या चित्रकारांमुळे वारली चित्रकला जगभर पोचली, तेव्हा तारप्याभोवतीची ही साखळीही भिंतींवर, कपड्यांवर आणि पेल्यांवर गेली. चित्र सर्वत्र दिसू लागले, पण ऐकणारे त्या प्रमाणात वाढले नाहीत. भाताच्या हंगामात रात्रभर चालणारा नाच महोत्सवाच्या मंचावर काही मिनिटांत आटोपला जातो, आणि सुरागणिक पाऊल बदलण्याची जी गुंतागुंत तारप्याचा प्राण आहे, तिला तिथे अवकाशच उरत नाही.

परंपरा म्हणजे बाहेरचे काही न घेणे, हा समजही तपासून घ्यायला हवा. ताशा, नौबतखान्यातील सनई-चौघडा, बँडची क्लॅरिओनेट, भजनातील पेटी ही सारी बाहेरून आलेली आणि इथलीच झालेली वाद्ये आहेत. मुंबई-कोकणातील मिरवणुकांतला ‘बेंजो’ हे मूळच्या जपानी वाद्यघराण्यातील बुलबुलतरंगाचे विजेवर चालणारे रूप असून आज त्याला लोकवाद्य न म्हणण्याचे सबळ कारण नाही. अडचण नव्याच्या येण्यात नसून आवाजाची पातळी हाच एकमेव निकष होण्यात आहे. ढोल-ताशा पथकांनी शहरी तरुणांना, विशेषतः तरुणींना, तालवाद्याजवळ आणले ही त्यांची मोठी कामगिरी आहे. पण शेकडो ढोल एकाच ठेक्यात वाजू लागले की हातांतला सूक्ष्म फरक ऐकू येण्याचा प्रश्नच उरत नाही. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पथकातील वादकांची संख्या ३० वर आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, तेव्हा झालेली चर्चा परंपरा आणि डेसिबल यांभोवतीच फिरली. वाद्याच्या नादाविषयी तीत फारसे कोणी बोलले नाही. चामड्याच्या जागी आलेली कृत्रिम पाने पावसात सैल पडत नाहीत, हलगीला ती लावली तर वाजवण्याआधी जाळावर शेकावी लागत नाही, ही सोय वादकाच्या दृष्टीने खरीच आहे. पण शेकलेल्या चामड्याचा कडक, कोरडा बोल त्यांतून निघत नाही.

लोककलेच्या क्षेत्रातील पुरस्कार, मानधने आणि शिबिरे यांचा रोख आजवर गायक आणि वादक यांच्यावर राहिला. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीसारख्या संस्थांनी प्रयोगकलांना अभ्यासक्रमात स्थान दिले, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने वाद्ये जपली, आणि या कामाचे ऋण मोठे आहे. मात्र वाद्य घडवणारा कारागीर अजूनही बहुतेक योजनांच्या बाहेर आहे. काचेआडच्या वाद्याच्या पाटीवर सहसा नाव आणि प्रदेश असतो. चामडे कोणत्या जनावराचे, ते किती दिवस भिजवले, पान कोणी ताणले, कोणत्या स्वराला मिळवले, याची नोंद क्वचितच असते. चौंडके वाजवणाऱ्या आराध्याचे ध्वनिमुद्रण झाले आणि त्याची तात वळणारा कारागीर नोंदीविना गेला, तर पुढच्या पिढीला आवाज ऐकता येईल, वाद्य बनवता येणार नाही. म्हणून सर्वेक्षणाची सुरुवात कुंभार, सुतार, चर्मकार आणि वादक यांच्या एकत्रित नोंदीपासून करावी लागेल, आणि तीत तारप्याला लागणाऱ्या लांब मानेच्या दुधीचे बी आज कोणत्या पाड्यावर कोण राखून ठेवतो, एवढा तपशीलही यावा लागेल.